छपरावरचे कारकून

सोमवार, ६ मे

आज मी कंपनीची अध्यक्ष झाले!

एवढं लिहिलं, पेन खाली ठेवलं, स्वयंपाकघरात जाऊन एक गिरकी घेतली आणि परत येऊन बसले. बावन्नाव्या वर्षी गिरकी घेतली की डोकं गरगरतं, पण गरगरू दे. वीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये मुलांच्या ताटांत कुस्करलेले बटाटे वाढले. शुक्रवारी केसांची जाळी काढून कचऱ्यात टाकली आणि सोमवारी अध्यक्ष!

हे सगळं बर्लमुळे. बर्ल माझा धाकटा दीर. माझा नवरा हॅरल्ड गेल्यावर त्याच्या घरच्यांपैकी यानंच तेवढी माझी विचारपूस ठेवली. तळलेले मासे खाता खाता त्यानं मला धंदा समजावून सांगितला.

"हे बघ लोरीन, ज्याच्याकडे कामगार आहेत त्याला कामगार नको असतात. काम हवं असतं, पण पगाराचे चेक, कर आणि मुख्य म्हणजे कुणी पडलं, मोडलं तर त्याचा विमा, ही कटकट नको असते. आपण त्याची माणसं आपल्या नावावर घ्यायची आणि त्यालाच भाड्यानं परत द्यायची. माणसं जागची हलत नाहीत. हलतो तो कागद."

"मग आपण काय करायचं?"

"कागद हलवायचा."

फ्लोरिडा सरकारनं या धंद्याला आता परवाना लावलाय म्हणे. अध्यक्ष स्वच्छ चारित्र्याचा हवा. "लेक ॲस्टर गावात तुझ्याइतकं स्वच्छ कोण आहे?" बर्ल म्हणाला. खोटं कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं. त्याची स्वतःची जॉर्जियात अशीच कंपनी होती, पण तिथल्या सरकारचा त्याच्याबद्दल काहीतरी गैरसमज झाला. बिचारा. मनाला लावून घेत नाही हे त्याचं चांगलं आहे.

दीडशेच्या वर माणसं आता कागदोपत्री माझी आहेत. त्यांतलं एकही मी अजून पाहिलेलं नाही!

गुरुवार, ९ मे

ऑफिस मिळालं. पूर्वी इथे दातांचा दवाखाना होता. डाव्या हाताला मासेमारीची आमिषं विकणारा, उजव्या हाताला विजेच्या दिव्यांखाली निजवून अंग तांबूस करून देणारं दुकान. बाहेर फ्लोरिडाचं ऊन फुकट पडलंय आणि लोक आत पैसे देऊन भाजून घेतात!

दातांची खुर्ची जमिनीत इतकी पक्की बसवलीय की काही केल्या निघेना. बर्ल म्हणाला, असू दे. तिच्यावरच आडवा होऊन तो फोन करतो. गिऱ्हाईक गळाला लागत असलं की खुर्ची वर नेतो, निसटायला लागलं की खाली येतो.

दुपारी "हॅस्किन्स लीजिंग" हे नाव वाचून एका माणसाचा फोन आला, त्याला पिकअप ट्रक भाड्यानं हवा होता. मी म्हटलं, "आमच्याकडे माणसं मिळतात." तो म्हणाला, "चालवणारी का?"

मंगळवार, १४ मे

आज विम्याच्या अर्जावर सह्या केल्या. आपली बहुतेक माणसं हॉलिस ओगलट्रीची आहेत. तो छपरं घालणारा कंत्राटदार. अर्जात प्रत्येकापुढे तो काय काम करतो ते लिहायचं असतं. बर्लनं सगळ्यांपुढे लिहिलं होतं, "ऑफिस कर्मचारी."

"अरे, पण ही माणसं छपरावर चढतात ना?"

बर्लनं खुर्ची सरळ केली. "छपरावर चढणाऱ्याचा विमा सोन्याच्या भावानं मिळतो, लोरीन. टेबलाशी बसणाऱ्याचा जवळजवळ फुकट. ओगलट्रीची माणसं आजवर इतकी पडलीत की विमेवाले त्याचं नाव ऐकलं तरी दार लावून घेतात. आपलं नाव नवं कोरं. आता मला सांग, त्यांना नोकरी दिली कुणी?"

"आपल्या ऑफिसनं."

"मग ते कुठले कर्मचारी?"

"ऑफिसचे."

किती सोपं! माझ्या डोक्यात हे कधी आलं नसतं. आता ओगलट्रीनं स्वतःची जुनी पॉलिसी रद्दही केली. एक गोष्ट मात्र सारखी खटकतेय. ऑफिसची माणसं ऑफिसात कधी पाऊलच टाकत नाहीत, हे काही बरं दिसत नाही. खाली सही माझी आहे. माझ्या सहीनिशी लिहिलेलं खरं असायला नको का? बर्लला विचारलं तर तो हसला, म्हणून पुन्हा नाही विचारलं. माझं मी बघते.

शुक्रवार, १७ मे

माझी माणसं पाहिली!

लिंबाच्या सरबताचा मोठा थर्मास घेऊन गेले. फर्निचरच्या दुकानाच्या छपरावर काम चाललं होतं. डांबराचं पिंप खदखदत होतं, वर पत्रा तापलेला आणि त्यावर माझी माणसं उघड्या डोक्यांनी. कमरेला दोर म्हणाल तर एकाच्याही नाही. दोर गाडीत, गुंडाळी करून, नवे कोरे. मी खालून हाक मारली. कुणी ऐकेना. मग पर्समधली कँटीनची शिट्टी काढली. तीनशे मुलांना रांगेत उभं करणारी शिट्टी आहे ती. एका फुंकीत सगळे थिजले.

"मी लोरीन हॅस्किन्स! तुमची मालकीण! खाली या, सरबत प्या, आणि दोर बांधल्याशिवाय कुणी वर जायचं नाही!"

एक उंच, वाळकुडा, मिशीवाला माणूस छपराच्या कडेला आला. त्याचं नाव ऑर्विल टेटम. "बाई, आमचा मालक तो तिथे गाडीत एसी लावून बसलाय."

"तो जुना. कागद बघा. आता मी आहे."

टेटमनं जरा विचार केला. "सरबतात बर्फ आहे?"

"भरपूर."

"मग तुम्हीच मालक."

सगळे उतरले. ओगलट्री गाडीतून उतरला तो लालबुंद. "बाई, तुम्ही फक्त चेक काढायचे! बर्लनं हेच सांगितलंय!" मी म्हटलं, करारात लिहिलंय की कामगार हॅस्किन्स लीजिंगचे. मी रात्रभर बसून वाचलाय तो करार. लिहिलंय ते लिहिलंय. यापुढे उन्हाच्या दिवसांत दुपारी बारा ते दोन छपरावर कुणी दिसता कामा नये. तो काहीतरी पुटपुटला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मी स्वतः शिडीवरून वर गेले. पांढरे बूट डांबरात गेले ते गेलेच. पण वरून काय दिसतं! सगळं लेक ॲस्टर, तळं, संत्र्यांच्या बागा. मी वर उभी राहून मोठ्यानं हसले. टेटम म्हणाला, "मिस लोरीन, हसा, पण मागे सरकू नका."

गुरुवार, ३० मे

कल्पना सुचली आणि तिनं कामही केलं! आता रोज दुपारी वीज कडाडते, मग छपरावर कुणाला थांबता येत नाही. पूर्वी माणसं गाड्यांमध्ये बसून पत्ते कुटायची आणि तेवढ्या वेळाचा पगार बुडायचा. मी फर्मान काढलं: वीज चमकली की सगळ्यांनी ऑफिसात यायचं आणि ऑफिसचं काम करायचं. पगार चालू.

आज बारा जण आले. डांबराचे बूट दाराबाहेर, मोजे आत. दोघे लिफाफे चिकटवत होते. एकानं फायली अक्षरांच्या क्रमानं लावल्या, त्याला इंग्रजी वर्णमाला गाणं गाऊनच येते, त्यामुळे प्रत्येक फायलीला पहिल्यापासून गाणं. टेटम फोनवर. "हॅस्किन्स लीजिंग. काय हवंय? नाही, तो नाही. कधी येईल? आला की कळेल." गिऱ्हाइकांना त्याचा आवाज आवडतो, एका बाईनं तर दोनदा फोन केला.

बर्ल जेवून आला तो दारातच खिळला. "ही कोण मंडळी?"

"आपले ऑफिस कर्मचारी," मी म्हटलं. "तूच तर लिहिलंस!"

तो खुर्चीवर आडवा झाला. खुर्ची अगदी खालपर्यंत नेली. मला वाटतं त्याला भरून आलं होतं.

बुधवार, ५ जून

सरकार आलं! म्हणजे राजधानी तालाहासीहून तपासनीस आले, मिस्टर एल्डन प्रुइट. परवाना द्यायचा की नाही ते तेच ठरवणार. पन्नाशीचे, विधुर, फार हळू बोलतात आणि चष्मा पुसत राहतात. नेमकी वीज चमकत होती, त्यामुळे ऑफिस भरलेलं. प्रुइटसाहेबांनी दारातले बूट पाहिले, मग फायलींवरचे काळे अंगठे पाहिले.

"मॅडम, आपल्या कारकुनांच्या हातांना डांबर कसं?"

"सकाळी छपरावर होते ना!" मी म्हटलं. "उघडीप असली की छपरावर, पाऊस आला की इथे."

बर्लला इतका जोरात खोकला लागला की मला पाणी आणावं लागलं.

प्रुइटसाहेबांनी विचारलं, कामगारांना काम कोण सांगतं? थांबवतं कोण? काढायचा अधिकार कुणाला? मी सगळं सांगितलं, शिट्टीसुद्धा वाजवून दाखवली. शेजारचा आमिषवाला धावत आला. साहेबांनी माझ्या हातचा पेकन पाय (अक्रोडासारख्या पेकनचा गोड पदार्थ) खाल्ला, दोन तुकडे. म्हणाले, "बहुतेक कंपन्यांत मी हे प्रश्न विचारतो तेव्हा अध्यक्ष वकिलाकडे बघतात." म्हणजे बाकीच्यांना किती मदत असते! आमच्याकडे वकीलच नाही. परवाना अजून तात्पुरताच आहे, पण मला नाही वाटत काही अडेल.

शुक्रवार, १४ जून

दोन घटना. एक, ओगलट्रीचा मेव्हणा स्किप सकाळी दहालाच बिअर पिऊन छपरावर. मी त्याला खाली उतरवलं, हिशेब हातात ठेवला आणि घरी पाठवलं. ओगलट्री म्हणाला, "तो माझ्या बायकोचा भाऊ आहे!" मी म्हटलं, "मग बायकोच्या स्वयंपाकघराच्या छपरावर चढव त्याला." मागे सगळे खिदळले. मजा आली!

दुसरी, प्रुइटसाहेब पुन्हा आले. आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख बघायची राहिली होती म्हणे. तालाहासी ते इथे गाडीनं अर्धा दिवस लागतो. तारीख बघितली, दुपारभर बसले, पाय खाल्ला. माझा नवरा कधी गेला ते विचारलं. हेही परवान्याला लागत असावं.

बर्ल हल्ली गप्प असतो. त्याला विचारलं, "ते कारकुनांचं बरोबर लिहिलंय ना? साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली." तो म्हणाला, "तू काळजी करू नकोस." मी सहसा करतही नाही. पण आज तो असं म्हणाल्यावर पहिल्यांदाच वाटली.

शुक्रवार, २१ जून

टेटम पडला.

बाप्टिस्ट चर्चचं छप्पर होतं. दोर बांधलेला होता, नाहीतर आज काय लिहावं लागलं असतं. पायाखालची फळी आतून कुजलेली, ती त्याच्यासकट गेली. दोरानं मधेच हिसका देऊन अडवलं आणि मग तोही सुटला. खाली जिथे लोकांना बुडवून बाप्तिस्मा देतात तो हौद, कोरडा. त्यात. मांडीचं हाड दोन ठिकाणी, खुब्याला चीर.

रुग्णवाहिकेत मी त्याचा हात धरून बसले होते. तो पांढराफटक. मधेच म्हणाला, "मिस लोरीन, मी मेथडिस्ट पंथाचा आहे. मला न विचारता बाप्टिस्ट केलं." मी हसले आणि मग रडतच राहिले.

त्याची बायको आयडा हॉस्पिटलात आली. घरात तीन मुलं. तिनं एकच विचारलं, "विमा आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "माझ्या सहीचा आहे."

मंगळवार, २५ जून

विमा कंपनीनं नाही म्हटलं.

त्यांचा माणूस आला होता, चकचकीत बूट, पायालासुद्धा हात लावला नाही. (पेकन पायाला म्हणते आहे मी.) म्हणाला, "आमची पॉलिसी तुमच्या ऑफिसच्या कर्मचाऱ्यांची. हा माणूस छपरावरून पडला. म्हणजे तो तुमचा नाहीच, ओगलट्रीचा. तुम्ही नुसत्या कागदोपत्री मालक. तसं लिहून द्या, आम्ही बाकी काही खोदत बसणार नाही." ओगलट्रीकडे तर आता पॉलिसीच नाही. मग टेटमचं काय? त्यानं खांदे उडवले.

तो गेल्यावर बर्ल माझ्यासमोर स्टूल घेऊन बसला. खुर्चीवर नाही, स्टुलावर, तेव्हाच मी काय ते ओळखलं. शुक्रवारी प्रुइटसाहेबांसमोर सुनावणी आहे. "तू फक्त एवढंच म्हणायचं," बर्ल म्हणाला, "की आम्ही चेक काढतो, बाकी काही नाही. टेटम ओगलट्रीचा. तेवढं म्हटलंस की कंपनी वाचली, परवाना मिळाला, तू अध्यक्ष. आणि टेटम आपला म्हटलंस, तर ते विचारतील की आपला माणूस छपरावर काय करत होता? मग सगळेच छप्परवाले ठरतील, विम्याच्या हप्त्यांतला मागचा सगळा फरक भरावा लागेल आणि आपण संपलो. तू परत कँटीनमध्ये."

"पण बर्ल, मग ते कारकून लिहिणं चुकीचं होतं?"

"चुकीचं नाही. सोयीचं होतं."

बुधवार, २६ जून

काहीच सुचत नाही. मला अध्यक्ष राहायचंय. खरं तेच लिहिते, नाहीतर वही कशाला ठेवायची. सकाळी उठून ऑफिसचं दार उघडताना मला जे वाटतं ते वीस वर्षांत वाटलं नव्हतं. दुपारी हॉस्पिटलात गेले. टेटमचा पाय टांगलेला. आयडा त्याला भरवत होती, म्हणून कंबरेला बांधायची पट्टीची पर्स तिनं मला उघडायला दिली. आत गाडीच्या किल्ल्या, मुलाचा दुधाचा दात आणि हॉस्पिटलनं दिलेला बिलाचा कागद. तिनं तो कागद मला दाखवला नाही. मीही मागितला नाही.

शुक्रवार, २८ जून

सुनावणी झाली. बेअब्रू झाली. सगळं सांगते.

सरकारी इमारतीतली लहानशी खोली. एका बाजूला चकचकीत बूटवाला, दुसऱ्या बाजूला मी आणि बर्ल. मागे ओगलट्री, टोपी मांडीवर. आयडा दाराजवळ उभी. प्रुइटसाहेबांनी नियम वाचला. कामगार भाड्यानं देणारी कंपनी खरी मालक कधी? जर ती कामगाराला काम सांगू शकते, थांबवू शकते आणि काढू शकते, तरच. नुसता कागद असेल तर नाही.

"मिसेस हॅस्किन्स," ते म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुसला, "ऑर्विल टेटम आपला कामगार आहे का?"

बर्लनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. माझ्या मनात मोठं भाषण तयार होतं. तोंडातून निघालं ते एवढंच: "हो, माझाच. दुसरा कुणाचा असणार? त्याला त्या चर्चच्या छपरावर मी पाठवला होता. आणि तो कारकून नाही. तो छप्परवाला आहे, उत्तम छप्परवाला. फोन तो हौसेनं उचलतो."

बर्लचा पाय निघाला. बूटवाला हसला. "म्हणायला काय जातं! या बाई कँटीनमध्ये वाढपी होत्या. यांचा छपराशी काय संबंध? विचारा कंत्राटदाराला. मिस्टर ओगलट्री, जागेवर हुकूम कुणाचा चालतो?"

आणि ओगलट्री उठला. माणूस किती दिवस मनात साठवून ठेवतो!

"कुणाचा? अहो, मे महिन्यापासून माझ्याच कामावर मला कुत्रं विचारत नाही! बारा वाजले की ही बाई शिट्टी मारते आणि माझी माणसं खाली! दोर नसेल तर वर जायचं नाही म्हणते. पाऊस आला की माझी माणसं पळवते आणि त्यांना लिफाफे चिकटवायला बसवते. माझ्या बायकोच्या भावाला हिनं माझ्यादेखत हाकललं, बायको अजून माझ्याशी बोलत नाही! पडायच्या आदल्याच दिवशी मी टेटमला म्हटलं, शनिवारी ये. तर मला काय म्हणाला? 'मिस लोरीनला विचारून सांगतो!' मला! आणि हा शहाणा म्हणतो नुसती कागदोपत्री मालकीण! मालकीण कशी असते ते माझ्याकडे येऊन बघ म्हणावं!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सरकारसमोर, भर खोलीत, इतक्या तक्रारी! मान खाली घातली ती वर करायची सोय राहिली नाही. बूटवाल्यानं डोळे मिटून घेतले होते. बर्लनं कपाळ टेबलावर टेकलं. प्रुइटसाहेब तेवढे भराभर लिहीत होते.

"मिस्टर ओगलट्री," ते म्हणाले, "जरा सावकाश. मेव्हण्यापासून पुन्हा सांगा. आणि काही राहिलं असेल तर तेही."

राहिलं होतं! ते सगळं त्यानं सांगितलं. पाच-सहा तक्रारी तर मी स्वतः विसरले होते. संपल्यावर मी उभी राहून म्हटलं, "साहेब, माझं चुकलं असेल तर मी माफी—"

"मॅडम," प्रुइटसाहेब जवळजवळ ओरडलेच, "कृपा करून माफी मागू नका!"

बाहेर आल्यावर आयडानं मला इतकी घट्ट मिठी मारली की माझ्या ब्लाउजचं बटण तुटलं. का ते मला तेव्हा कळलं नाही.

सोमवार, ८ जुलै

निकाल आला. टेटम आमचा! हॉस्पिटल, औषधं, घरी बसण्याच्या काळातला पगार, सगळं विम्यातून. ओगलट्रीनं माझ्याविरुद्ध जे जे सांगितलं ते एकेक करून निकालात घेतलंय, आणि त्याच्याखाली लिहिलंय की यापेक्षा खरी मालकी आपल्या पाहण्यात नाही. मी तीनदा वाचलं. आयडाला फोनवर वाचून दाखवलं तर पलीकडून नुसता हुंदका, मग हसणं, मग तीन मुलांचा एकदम आरडाओरडा.

निकालाचं दुसरं पान. छप्परवाले छप्परवालेच धरायचे, पहिल्या दिवसापासून. कंपनीला परवाना नाही. पडद्यामागून बर्ल कारभार बघतो हे सरकारला आधीपासून माहीत होतं म्हणे, आणि जॉर्जियात झाला तो गैरसमज नव्हता. मला दोन वर्षं अशा कुठल्याही कंपनीचं अध्यक्ष होता येणार नाही. मूर्खपणा, पण प्रामाणिक, असं काहीसं लिहिलंय, सरकारी भाषेत.

बर्लला फोन केला. उचलला नाही. ऑफिसात गेले तर त्याची खुर्ची रिकामी आणि फळ्यावर "अलाबामा. संधी. माफ कर." मी खुर्चीवर आडवी होऊन पोटभर रडले. माझी दीडशे माणसं गेली. मग चुकून पायानं कळ दाबली गेली आणि खुर्ची मला घेऊन वर वर जायला लागली, ती थांबेचना. रडू तसंच अर्धवट राहिलं.

शुक्रवार, १९ जुलै

हे लिहिताना हात दुखतोय आणि नाक सोललंय, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही!

मंगळवारी ओगलट्री माझ्या दारात. टोपी काढली. त्याच्या कामगारांचा विमा त्यालाच घ्यावा लागला आणि विमेवाल्यांनी अट घातली की जागेवर सुरक्षेला कुणीतरी खमकं माणूस हवं. शिवाय माणसं वर चढेनात. म्हणतात, शिट्टी कोण मारणार?

"माझ्याकडे कामाला या," तो म्हणाला. "पगार देतो. पण माझ्या बायकोच्या भावाबद्दल एक शब्द काढायचा नाही."

"तो परत आला तर परत काढीन."

तो बराच वेळ टोपी फिरवत राहिला. "बरं," म्हणाला. "तेही करा."

मग विम्याचा अर्ज भरायला तोच चकचकीत बूटवाला आला! माझ्या नावापुढे ओगलट्री "ऑफिस" लिहायला लागला तर बूटवाल्यानं त्याचं मनगट धरलं. मला विचारलं, "शिडी चढता?" मी म्हटलं, "दिवसातून दहा वेळा." त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, "छप्परवाली." सगळ्यात महागडा वर्ग! माझ्या जिवाची एवढी किंमत आजवर कुणी केली नव्हती. आणि ऑफिस सांभाळायला ओगलट्रीनं टेटमला बसवलंय, प्लास्टरमधला पाय खोक्यावर, कानाला फोन. आता तो खरा कारकून आहे. त्या बाईचा फोन अजून येतो, आयडानं एकदा उचलला तेव्हापासून जरा कमी झालाय.

आज सकाळी शाळेच्या छपरावर होते, माझ्याच कँटीनच्या. खाली एक गाडी थांबली. प्रुइटसाहेब! फाइल बंद झालीय, कंपनी बंद झालीय, तरी माणूस एवढ्या लांबून आला. म्हणाले, माझा वर्ग बरोबर लिहिलाय का ते प्रत्यक्ष पाहणं आवश्यक होतं. कोट काढून घडी करून गाडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी माझी शिडी धरून उन्हात उभे राहिले, बारा वाजेपर्यंत. मी वरून ओरडून विचारलं, "साहेब, झालं का सरकारचं समाधान?"

ते मान वर करून, डोळे बारीक करून म्हणाले, "अजून नाही, मॅडम. पुढच्या शुक्रवारी पुन्हा यावं लागेल."

फारच काटेकोर खातं आहे हे. एवढी चिकाटी मी कुठे पाहिली नाही. टेटमला हे सांगितलं तर तो इतका हसला की आयडानं त्याचा पाय धरून ठेवला. काय हसण्यासारखं होतं ते मात्र दोघांनीही सांगितलं नाही.